तोंडी तक्रार

२० ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयात कोलकात्याच्या आर. जी. कर मेडिकल कॉलेजच्या प्रकरणाची सुनावणी चालू होती. त्याच महिन्याच्या ९ तारखेला त्या कॉलेजात रात्रपाळी करणाऱ्या एका शिकाऊ डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला होता. सुनावणीत सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी एक जुनं नाव काढलं. अरुणा शानबाग.

बातमी वाचून मी हिशेब केला. १९७३ ते २०२४ म्हणजे ५१ वर्षं. म्हणजे माझी सगळी नोकरी मधल्या काळात झाली आणि निवृत्तीही झाली.

नव्या वाचकांसाठी सांगतो. मी बोदवडचा. नोकरी कॉलेजच्या ऑफिसात, वेगवेगळ्या ठिकाणी. क्लार्क म्हणून लागलो, अधीक्षक होऊन बाहेर पडलो. शिकवणं हा माझा प्रांत नाही. माझा प्रांत मस्टर, सेवापुस्तक आणि आवक-जावक रजिस्टर. कॉलेजात येणाऱ्या प्रत्येक कागदावर आवक नंबर पडतो, तारीख पडते, शिक्का बसतो. नंबर पडला की तो कागद 'आला' असं समजायचं. नंबर नाही तर तो कागद आलाच नाही, मग तो साहेबांच्या टेबलावर महिनाभर का पडलेला असेना.

कॉलेजच्या आवारात काम करणाऱ्या माणसांवर जी मारहाण, धमक्या, छळ होतो त्याचा इतिहास मी या वहीच्या अंगाने वाचतो. दुसरं काही मला येत नाही. तसा तो आज मांडून बघतो. लांबेल जरा, चहा घेऊन बसा.

परळ, १९७३

परळचं केईएम हॉस्पिटल आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज हे एकाच आवारात आहेत. दोन्हींची सुरुवात १९२६ ची. ज्यांच्या इस्टेटीतून ते कॉलेज उभं राहिलं त्यांची अट होती की इथे शिकवणारे डॉक्टर हिंदी असावेत. त्या काळी सरकारी मेडिकल कॉलेजात आपल्या माणसांना वरच्या जागा मिळत नसत. म्हणजे माणसाचा मान राखण्यासाठीच जन्माला आलेली ती संस्था.

अरुणा शानबाग ही कर्नाटकातल्या हळदीपूरची मुलगी, तिथे परिचारिका होती. २५ वर्षांची. त्याच हॉस्पिटलातल्या एका डॉक्टरशी लग्न ठरलेलं. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी ड्यूटी संपवून ती तळघरात कपडे बदलायला गेली. तिथे वॉर्डातल्या सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला आणि लैंगिक अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठ वाजता एका सफाई करणाऱ्या माणसाला ती सापडली. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला होता. १८ मे २०१५ ला गेली तोवर ती त्याच हॉस्पिटलात त्याच अवस्थेत होती. जवळजवळ ४२ वर्षं.

एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात, त्या सहसा बोलल्या जात नाहीत.

पहिली आधीची. पिंकी विराणी यांचं १९९८ सालचं पुस्तक आहे अरुणावर. त्यात येतं की या माणसाशी तिचे खटके आधीपासून उडत होते. कामातली चुकारपणाची, चोरीची बाब होती, तिने त्याला झापलं होतं, वर कळवीन असं बजावलं होतं. म्हणजे हे आकाशातून पडलं नव्हतं. राग साठत होता, तो जवळच्या माणसांना दिसत असणार. आणि कपडे बदलायला तळघरात जावं लागत होतं हे तर रोज सगळ्यांनाच दिसत होतं. परिचारिकांना कपडे बदलायला धड खोली नव्हती. ती खोली हवी होती हे कळायला काही कुठला अहवाल नको होता.

दुसरी गोष्ट नंतरची. हल्लेखोराला शिक्षा झाली ती खुनाचा प्रयत्न आणि चोरी यांसाठी, सात वर्षं. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्याच्यावर लागलाच नाही. मुलीचं लग्न ठरलेलं, बदनामी होईल म्हणून ते कागदावर आणलं गेलं नाही असं सांगितलं जातं. हेतू चांगला धरला तरी परिणाम काय झाला? जे कागदावर नव्हतं ते कोर्टाच्या दृष्टीने घडलंच नव्हतं. शिक्षा भोगून माणूस सुटला आणि अरुणा खाटेवरच.

मुंबईतल्या परिचारिकांनी तेव्हा संप केला. सुरक्षितता मागितली, कामाची बरी व्यवस्था मागितली. आणि पुढे चार दशकं केईएमच्या परिचारिकांनी, पिढ्या बदलत गेल्या तरी, अरुणाला सांभाळलं. महापालिकेने तिला दुसरीकडे हलवायचा विचार केला तेव्हा त्यांनी हलवू दिलं नाही. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या सेवेचं मनापासून कौतुक केलं आहे. तो निकाल दयामरणाचा म्हणून कायद्याच्या पुस्तकात गेला. मला मात्र तो नोकरीच्या जागी झालेल्या हिंसेचा निकाल वाटतो. पण तो प्रश्न कोर्टापुढे नव्हताच.

सगळ्यांनी पाहिलं, कोणी पाहिलं नाही

आता उज्जैन. खानदेशातून तसं फार लांब नाही. २६ ऑगस्ट २००६ ला माधव कॉलेजात विद्यार्थी संघाच्या निवडणुकीवरून गोंधळ झाला. निवडणूक रद्द केली म्हणून चिडलेल्या जमावाने प्राध्यापकांना घेरलं, त्यात राज्यशास्त्राचे प्रा. सभरवाल यांचा मृत्यू झाला. टीव्हीचे कॅमेरे हजर होते, देशभर दिसलं. खटला निःपक्षपाती व्हावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो मध्य प्रदेशातून आपल्या नागपूरला पाठवला. जुलै २००९ मध्ये सगळे आरोपी सुटले, पुराव्याअभावी. साक्षीदार उलटले होते, त्यात कॉलेजचा शिपाईसुद्धा होता.

त्या शिपायावर राग काढणं सोपं आहे. मी काढत नाही. त्याला रोज त्याच गेटवर उभं राहायचं होतं. ज्याला सोमवारी परत कामावर जायचं आहे त्याने एकट्याने साक्ष द्यावी अशी अपेक्षा धरणारी व्यवस्था कधीच टिकत नाही. घटनेच्या दिवशीच संस्थेने स्वतः जबाब लिहून घ्यावेत, सह्या घ्याव्यात, फिर्याद संस्थेच्या नावाने व्हावी. मग भार एकाच्या डोक्यावर येत नाही.

आपल्याकडेही परीक्षेच्या दिवसांत हे चालतंच की. कॉपी पकडली की "सर, बाहेर भेटा" हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा पर्यवेक्षक जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. कॉपीविरोधी कायदा आपल्या राज्यात १९८२ पासून आहे. भरारी पथक येतं, जातं. ते गेल्यावर सर एकटे एसटी स्टँडवर उभे असतात. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये विषय निघतो, हसून सोडून दिला जातो. "अहो पोरं आहेत, बोलतात." केंद्राच्या अहवालात मात्र 'परीक्षा शांततेत पार पडली' असं वाक्य जातं. मी ते वाक्य किती वेळा टाईप केलं असेल त्याला गणती नाही, कारण सांगणाराच कोणी लिहून देत नसे.

धुळे, मार्च २०१७

धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात अपघातातला एक रुग्ण आला. डोक्याला मार होता. तिथे न्यूरोसर्जन नव्हता. ड्यूटीवरच्या तरुण निवासी डॉक्टरने नातेवाइकांना दुसरीकडे न्यायला सांगितलं. जमावाने त्याला इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. मग राज्यभरातले निवासी डॉक्टर सामुदायिक रजेवर गेले, हायकोर्टाने दखल घेतली, सरकारने सुरक्षारक्षक द्यायचं कबूल केलं.

डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे. तो असतानाच हे घडलं. इथे धोक्याची खूण कोणती होती? मला वाटतं, न्यूरोसर्जनची जागा. जिथे माणूस नाही, यंत्र नाही, खाट नाही, आणि ते सांगायचं काम सगळ्यात कनिष्ठ पोराला दिलेलं आहे, तिथे मारहाण कधीतरी होणारच. त्या पोराच्या गालावर बसलेली चपराक खरं म्हणजे दुसऱ्याच कोणाला उद्देशून असते. रिक्त पदांचा तक्ता दर महिन्याला वर जातो. धोका मोजायचा तर तो तक्ताच आधी वाचावा.

जळगावची पायल

आता मुख्य मुद्द्यावर येतो. हा भाग लिहिताना हात अडखळतो, कारण मुलगी आपली होती.

डॉ. पायल तडवी. जळगावची. सातपुड्याच्या पायथ्याशी, रावेर-यावल-चोपड्याकडे तडवी भिल्लांची गावं आहेत, त्या समाजातली. मिरजेला एमबीबीएस झाली. २०१८ मध्ये मुंबईच्या नायर हॉस्पिटलच्या टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेजात स्त्रीरोग विभागात पदव्युत्तर प्रवेश मिळाला. त्या समाजातून इथवर पोचणाऱ्या मुली बोटांवर मोजण्याइतक्या. २२ मे २०१९ ला तिने वसतिगृहात आयुष्य संपवलं. वय २६.

घरच्यांचा आरोप असा की विभागातल्या तीन वरिष्ठ निवासी डॉक्टर तिला जातीवरून टोमणे मारत, सगळ्यांसमोर, रुग्णांसमोर अपमान करत, प्रसूती-शस्त्रक्रियेचं काम शिकू देत नसत. तिघींना अटक झाली. रॅगिंगविरोधी कायदा, अॅट्रॉसिटी कायदा आणि आत्महत्येस प्रवृत्त करणं ही कलमं लागली. तिघींनी आरोप नाकारले. ऑगस्ट २०१९ मध्ये हायकोर्टाने जामीन दिला. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शिक्षण पूर्ण करायला परवानगी दिली. आरोप म्हणजे शिक्षा नव्हे, हे तत्त्व आहे आणि ते बरोबर आहे. म्हणून मी इथे नावं घेत नाही आणि निवाडाही करत नाही. मला बघायचं आहे ते त्याच्या आधीचं वर्ष.

पायलची आई आबेदाताई स्वतः कर्करोगाच्या रुग्ण, त्याच नायरमध्ये उपचाराला जात. लेकीशी कसं वागलं जातं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं असं त्यांनी सांगितलं आहे. घरच्यांचं म्हणणं, आम्ही तक्रार केली होती. मधे काही दिवस पायलला दुसऱ्या युनिटमध्ये दिलं, तेव्हा तिला बरं वाटलं, परत जुन्या युनिटमध्ये आली आणि पुन्हा तेच. कॉलेजचं म्हणणं, आमच्याकडे लेखी तक्रार आलीच नाही.

ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. तीस वर्षं ऑफिसात बसलेल्या माणसाला यात काही आश्चर्य वाटत नाही. आई सांगते. सांगताना रडते. समोरचा ऐकून घेतो, "बघतो मी, बोलतो त्यांच्याशी" म्हणतो. कदाचित बोलतोही. आईला वाटतं तक्रार झाली. आवक रजिस्टरमध्ये त्या तारखेला काहीच नसतं. पुढे आरोपपत्रात जो कागद आला तो पायलच्या मोबाईलमधल्या फोटोंच्या रूपात होता, तिने जाण्यापूर्वी लिहिलेला. त्यावर आवक नंबर पडायची वेळ निघून गेली होती.

घटनेनंतर सगळं भराभर झालं. कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीने चौकशी केली, छळ झाल्याचं म्हटलं. तिघींबरोबर विभागप्रमुखही निलंबित झाले. म्हणजे यंत्रणा होती. समिती होती, कायदा होता, अधिकार होते.

आणि हे कॉलेज कोणतं? १९२१ साली असहकाराच्या चळवळीत, सरकारी कॉलेज नको म्हणून निघालेलं राष्ट्रीय मेडिकल कॉलेज. परळसारखंच, अपमान सोसायचा नाही म्हणून काढलेलं.

कायदे कधी आले

थोडक्यात यादी देतो. १९९२ मध्ये राजस्थानात सरकारी कामासाठी बालविवाह रोखायला गेलेल्या भंवरीदेवीवर अत्याचार झाला, त्यातून १९९७ चा विशाखा निकाल. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा १९९९ चा. २००९ मध्ये हिमाचलात अमन काचरू या मेडिकलच्या विद्यार्थ्याचा मृत्यू, त्याच वर्षी यूजीसीचे रॅगिंगविरोधी नियम. २०१२ चे यूजीसीचे समतेचे नियम. २०१३ चा कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. २०१५ चे त्यावरचे यूजीसीचे नियम. २०१९ मध्ये आबेदाताई आणि हैदराबादच्या रोहित वेमुलाची आई राधिकाताई या दोघी मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या की २०१२ चे नियम कागदावरच आहेत. त्यातून जानेवारी २०२६ मध्ये यूजीसीने नवीन नियम काढले, त्यावर देशभर वाद झाला आणि त्याच महिन्यात न्यायालयाने ते थांबवून २०१२ चेच चालू ठेवायला सांगितले.

बहुतेक कायद्यांमागे एक नाव आहे. पण मला यातली दोन कलमं वेगळी काढून दाखवायची आहेत, कारण ती कोणी वाचत नाही.

१९९९ च्या आपल्या रॅगिंग कायद्यात आहे की विद्यार्थ्याने, पालकाने किंवा शिक्षकाने लेखी तक्रार दिली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. टाळाटाळ केली तर प्रमुखाने गुन्ह्याला साथ दिली असं समजलं जातं. पुन्हा वाचा. साथ दिली असं. इतकं कडक कलम असूनही ते झोपून राहतं, कारण ते लेखी तक्रारीवाचून उठत नाही. म्हणूनच तोंडी तक्रार ऐकून घेणं काही साहेबांना सोयीचं पडतं.

दुसरं कलम २०१३ च्या कायद्यातलं. तक्रार लेखी हवी, पण बाईला लिहिता येत नसेल तर समितीच्या अध्यक्षांनी किंवा सदस्यांनी तिला ती लिहायला मदत करायची आहे. म्हणजे "लेखी द्या, मग बघू" म्हणून परत पाठवायचं नाही, कागद-पेन घेऊन शेजारी बसायचं. हे ज्याने कायद्यात घातलं त्याला माझा नमस्कार.

मस्टर काय सांगतं

खुणा कशा ओळखायच्या, असं विचारलं तर मोठमोठी पोस्टर्स दाखवतात. मी मस्टर दाखवतो.

एका कॉलेजात (नाव नको) माझ्याकडे आस्थापनेचं टेबल आलं आणि पहिलंच काम एका प्राध्यापिकेचे कार्यमुक्तीचे कागद. फाईल उघडली. दीड वर्षात तिच्या किरकोळ रजा जवळजवळ सगळ्या एकाच वारी. वेळापत्रकात पाहिलं तर त्या वारी एका ज्येष्ठ सहकाऱ्याबरोबर प्रॅक्टिकलची जोडी होती. वेळापत्रक बदलून द्या म्हणून तीन अर्ज, कारण 'वैयक्तिक'. एक अर्ज वेगळ्या कपाटाच्या किल्लीसाठी. मग राजीनामा, कारण पुन्हा 'वैयक्तिक'. विभागात विचारलं तर सगळ्यांना माहीत. ते गृहस्थ तिच्यावर ओरडत, जर्नल अंगावर फेकत, एकदा हात पिरगाळला होता. "साहेबांच्या कानावर घातलं होतं की," असं मला सांगितलं गेलं. साहेब म्हणाले, "मी त्यांना तोंडी समज दिली होती." तोंडी तक्रार, तोंडी समज. फाईलीत राहिल्या फक्त रजा. आपल्या मराठीत त्या रजेचं नावच किरकोळ!

तेव्हापासून मी नव्या क्लार्क पोरांना सांगत आलो. रजेचा वार बघा. जोडी बदलून मागणारा माणूस बघा. एकटं थांबायचं टाळणारी, जिन्याने न जाता लांबून जाणारी, आधी बोलकी असून गप्प झालेली व्यक्ती बघा. दुसऱ्या बाजूला, "बघून घेईन" हे पुन्हा पुन्हा म्हणणारा, एकाच माणसाच्या मागे लागलेला, दुसऱ्याच्या चुका वहीत टिपत बसणारा, शिपायावर आणि मॅडमवरच ज्याचा आवाज चढतो आणि साहेबांपुढे जो मवाळ असतो, तोही बघा. याचा अर्थ तो गुन्हेगार असा नाही. याचा अर्थ कोणीतरी बसून बोलायची वेळ झाली, एवढाच.

आणि धोका फक्त आतून येत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला एक तरुण प्राध्यापिका कॉलेजला जात असताना मागे लागलेल्या माणसाने भर रस्त्यात तिला पेटवलं. आठवड्याने ती गेली. २०२२ मध्ये त्याला जन्मठेप झाली. रस्त्यावर झालं म्हणून कॉलेजचा संबंध नाही असं म्हणता येतं. पण ती कोणत्या वाटेने, किती वाजता येते हे वेळापत्रकच ठरवत असतं. पाठलाग करणं हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, 'घरचं प्रकरण' नाही.

मग करायचं काय

हे सगळं आत्ताच का लिहिलं ते सांगतो. नातेवाईक मंडळींपैकी काहींना अंदाज आलाच असेल. आमची एक भाची दुसऱ्या जिल्ह्यात तासिका तत्त्वावर शिकवते. तासाला पैसे, सुट्टीत काही नाही, जूनमध्ये पुन्हा नव्याने नेमणूक. एक सहकारी मेसेज पाठवतो, गाडीपाशी उभा राहतो, नाही म्हटल्यावर "पुढच्या वर्षी बघू तुम्ही कशा राहता" म्हणतो. तिने फोन केला. "मामा, मी मॅडमच्या कानावर घातलंय. तोंडी सांगितलं तर चालतं ना?"

तिला जे सांगितलं तेच इथे लिहितो, तिची परवानगी घेऊन.

लिही. तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं, नेमके शब्द काय होते. विशेषणं नकोत, घडलेलं लिही. मेसेज पुसू नको, छापून जोड. अर्ज दोन प्रतींत ने आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घे, आवक नंबर आणि शिक्क्यासह. क्लार्क "साहेबांना विचारतो" म्हणाला तर थांब, जाऊ नको. तरी नाहीच घेतला तर स्पीड पोस्टाने पाठव. तासिकेवर आहे म्हणून कायदा लागू नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नको, हंगामी आणि रोजंदारीवरच्या बाईलाही तो लागू आहे. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची, कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत संपली पाहिजे. आणि त्याने अंगावर हात टाकला किंवा टाकेल असं वाटलं तर समितीची वाट बघू नको, ११२ फिरव.

संस्थेत वर बसलेल्यांसाठीही दोन शब्द. तक्रार करणारीला हलवू नका, तिने लेखी मागितलं तरच हलवा. कायदाही तेच म्हणतो. चौकशीपर्यंत दोघांना एका खोलीत, एका जोडीत ठेवू नका. 'मिटवून घ्या' म्हणू नका. कॅमेऱ्याचं चित्रण पुसलं जायच्या आत वेगळं काढून ठेवा. स्टाफरूमच्या चहाबरोबर तो विषय वाटू नका. आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचंही म्हणणं लेखी घ्या, त्याला कागद द्या, संधी द्या. खोट्या आरोपाची भीती वाटणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, लेखी कागद तुम्हालाही वाचवतो. कुजबुज कोणालाच वाचवत नाही.

भाचीने अर्ज लिहिला. तिसऱ्यांदा फाडून चौथ्यांदा लिहिला. पोच मिळाली, तिने मला फोटो पाठवला. शिक्का जरा वाकडा बसलाय पण नंबर स्वच्छ वाचता येतो. समितीची पहिली बैठक झाली आहे. जूनमध्ये तिला पुन्हा नेमणूक मिळेल का ते मला सांगता येत नाही. तिच्या आईला (म्हणजे आमच्या ताईला) वाटतं की पोरीने उगाच वाकडेपणा घेतला. ताई, तू हे वाचशीलच. तुझी काळजी मला कळते. पण आबेदाताईही आईच आहेत आणि त्यांच्या हातात अशी पोच नव्हती.

ब्लॉगवाल्या मित्रांनो, एक काम सांगतो. उद्या ऑफिसला गेलात की नोटीस बोर्ड बघा. तक्रार समितीच्या सदस्यांची नावं तिथे लावलेली असली पाहिजेत, कायद्याने. नसली तर विचारा. असली तर बघा त्यातलं कोणी बदलून गेलंय का, निवृत्त झालंय का. माझ्या शेवटच्या कॉलेजातल्या फलकावर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या एक बाई अध्यक्ष होत्या. मी टिपण ठेवलं, आठवड्यात नवीन आदेश निघाला. एवढं सोपं असतं कधीकधी.

काय दिसलं ते खाली लिहा. इथे लिहिलेलं तरी राहतं.